चौघांनी मिळून थॅनॉसशी लढायचं तर: 'मार्व्हल अल्टिमेट अलायन्स ३' पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

इंदूरच्या मराठी घरात दिवाळीला किंवा मे महिन्यात भावंडं जमली की संध्याकाळी टीव्हीपुढे एक ठरलेलं दृश्य असतं. एकाच्या हातात कंट्रोलर आणि गादीवर बसलेले तिघे 'आता माझा नंबर' म्हणत वाट बघतात. समोरासमोर लढायचे गेम लावले तर वेगळीच पंचाईत होते. आठ वर्षांचा भाचा दरवेळी हरतो आणि तिसऱ्या फेरीनंतर उठून जातो. चौघांनी एकाच स्क्रीनवर, एकाच वेळी, एकाच बाजूने लढायचं, असा गेम हवा असेल तर 'मार्व्हल अल्टिमेट अलायन्स ३: द ब्लॅक ऑर्डर' हे माझं पहिलं उत्तर आहे. मार्व्हल कॉमिक्सच्या नायकांनी थॅनॉस या महाखलनायकाशी लढायचा हा गेम.

हा गेम १९ जुलै २०१९ रोजी आला. तो 'टीम निंजा' या जपानी स्टुडिओने बनवला आणि निन्टेन्डोने प्रकाशित केला. तो फक्त निन्टेन्डो स्विचसाठी, म्हणजे निन्टेन्डोच्या गेम खेळायच्या यंत्रासाठी (कन्सोलसाठी), आहे. प्लेस्टेशनवर, एक्सबॉक्सवर किंवा कॉम्प्युटरवर मिळणार नाही. मालिका मात्र जुनी आहे. २००६ साली 'रेव्हन सॉफ्टवेअर'ने पहिला भाग केला, २००९ साली 'व्हिकेरियस व्हिजन्स'ने दुसरा, आणि मग तिसऱ्यासाठी दहा वर्षं थांबावं लागलं. चार नायकांची टोळी घेऊन वरून दिसणाऱ्या रस्त्यांवरून, गल्ल्यांमधून शत्रूंचे घोळके फोडत जायचं, वाटेत नायक तयार करत जायचं, ही रीत पहिल्यापासूनची आहे. तिसऱ्या भागाची गोष्ट स्वतंत्र आहे, त्यामुळे आधीचे दोन खेळले नसले तरी काहीही अडत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. या गेममध्ये सगळ्यात जोरात मारणारा खेळाडू टीमला पुढे नेत नाही. शेजारचा काय करतोय, कुणाचं काय भरलंय, कोण पडलंय, याकडे लक्ष ठेवणारा खेळाडू पुढे नेतो. नव्या माणसाने ही सवय पहिल्या तासात लावून घेतली तर पुढचा सगळा खेळ सोपा जातो.

पहिली पायरी: सामान नीट बघून घ्या

इंदूरमध्ये स्विच शोधायला लोक बहुतेक जेल रोडला जातात. निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाही. दुकानात दिसतात ते बाहेरून आणलेले पीस असतात. म्हणून कंपनीची इथली वॉरंटी गृहीत धरू नका. दुकानदार स्वतः काय हमी देतो ते बिलावर लिहून घ्या. गेमच्या कार्ट्रिजना, म्हणजे गेम ज्यात असतो त्या छोट्या कार्डांना, देशाचं बंधन नाही. जपानचं असो की अमेरिकेचं, कार्ट्रिज कुठल्याही स्विचवर चालतं. खोक्यावरची भाषा मात्र बघून घ्या, आणि मागच्या बाजूला इंग्रजीचा उल्लेख आहे ना, हे तपासा. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त पिना आपल्या सॉकेटात बसत नाहीत, तेवढ्यासाठी चांगल्या प्रतीचा अडॅप्टर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'स्विच लाइट' घेऊ नका. ते स्वस्त पडतं आणि हातात छान बसतं, पण त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि ते टीव्हीला जोडता येत नाही. चौघांनी एकत्र खेळायचा बेत असेल तर ते कामाचं नाही. साधा स्विच घ्या किंवा २०२१ साली आलेला ओएलईडी स्क्रीनचा घ्या. कन्सोलबरोबर डावा आणि उजवा असे दोन जॉय-कॉन, म्हणजे सुटे होणारे छोटे कंट्रोलर, येतात. या गेममध्ये एक जॉय-कॉन आडवा धरून एका माणसाला खेळता येतं, म्हणजे खोक्यातून काढल्याबरोबर दोघांची सोय झाली. चौघांसाठी आणखी एक जोडी लागते. मोठा प्रो कंट्रोलर कुणाकडे असेल तर तोही चालतो.

जॉय-कॉनच्या कडेला एसएल आणि एसआर अशी दोन छोटी बटणं असतात, खाचेत दडलेली. आडवं धरल्यावर तीच बोटाखाली येतात आणि या गेममध्ये सारखी लागतात. खोक्यात मनगटाला अडकवायच्या दोऱ्यांच्या दोन पट्ट्या असतात, त्या चढवल्या की ही बटणं मोठी होतात. लोक त्या पट्ट्या खोक्यातच ठेवून देतात आणि मग लहान मुलांची बोटं दुखतात. पट्ट्या जरूर चढवा.

जुनी जोडी घेत असाल तर दुकानातच सिस्टम सेटिंग्जमध्ये जा, कंट्रोलर्स अँड सेन्सर्स उघडा आणि कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्सवर या. स्टिकला, म्हणजे नायक चालवायच्या छोट्या दांडीला, हात न लावताही खूण मधोमध न राहता सरकत असेल तर ती जोडी घेऊ नका. जॉय-कॉनमध्ये हा दोष बऱ्याचदा येतो. खेळताना तुमचा नायक आपोआप एका बाजूला चालत राहील आणि चूक तुमचीच वाटेल.

दुसरी पायरी: कोण कुठे बसणार

होम मेन्यूतल्या कंट्रोलर्समध्ये चेंज ग्रिप/ऑर्डर असा पर्याय आहे. प्रत्येकाने आपला जॉय-कॉन आडवा धरून एसएल आणि एसआर एकदम दाबायची. ज्या क्रमाने दाबाल त्या क्रमाने पहिला, दुसरा, तिसरा, चौथा खेळाडू ठरतो. पहिला नंबर घरात जो इंग्रजी पटकन वाचतो त्याला द्या. गेमला मराठी नाही, हिंदीही नाही. सूचना, नायकांच्या शक्तींची माहिती, सगळं इंग्रजीत आहे. आत्या किंवा काका खेळायला बसले असतील तर कुणीतरी मोठ्याने वाचून मराठीत सांगावं. त्यात वेळ जातो असं वाटतं, पण गोष्ट समजली की ते उठून जात नाहीत.

चार माणसं नसली तरी काळजी नको. दोघं असाल तर उरलेले दोन नायक गेम स्वतः चालवतो, आणि तुम्ही मधेच त्यांच्यातला एखादा आपल्या हातात घेऊ शकता. एकट्यानेही पूर्ण गोष्ट खेळता येते.

सुरुवातीला अवघडपणा विचारतात. 'फ्रेंडली' सोपा आहे, 'मायटी' कठीण. घरात एकही माणूस नवा असेल तर फ्रेंडली घ्या. त्यात कमीपणा काही नाही. मायटीमध्ये नायकांची लेव्हल (खेळत गेलं की वाढणारी पातळी) शत्रूंच्या मागे पडली की मोठे शत्रू संपता संपत नाहीत, आणि नव्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो.

तिसरी पायरी: अंतराळयानात हात बसवून घ्या

गोष्ट सुरू होते ती गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी या टोळीपासून. स्टार-लॉर्ड, गमोरा, ड्रॅक्स, आणि रॉकेट-ग्रूट. ही शेवटची जोडी मिळून एकच नायक धरली आहे. क्री या परग्रहावरच्या लोकांच्या यानात त्यांना इन्फिनिटी स्टोन, म्हणजे अफाट शक्तीची रत्नं, सापडतात आणि त्या रत्नांच्या मागावर ब्लॅक ऑर्डर ही थॅनॉसच्या सरदारांची टोळी येते. इथून सहा रत्नांच्या शोधाची धावपळ सुरू होते. ही सुरुवात छोटी आहे, पण घाईने उरकू नका. शिकायचं सगळं इथेच आहे.

सगळ्यात नवख्याला स्टार-लॉर्ड द्या. त्याच्याकडे बंदुका आहेत, तो लांबून मारतो, त्यामुळे गर्दीत सापडून लगेच पडत नाही. ड्रॅक्स अंगावर जाणारा आहे, तो थोडा हात बसलेल्याने घ्यावा.

बटणं आधी मोठ्या कंट्रोलरच्या हिशेबाने सांगतो. वाय म्हणजे हलका मार, एक्स म्हणजे जड मार, बी म्हणजे उडी. आर दाबून धरला की स्क्रीनवर चार खास शक्ती दिसतात, मग त्या त्या बटणाने ती शक्ती निघते. जॉय-कॉन आडवा धरला की बटणांची नावं आणि जागा बदलतात. म्हणून घरात बोलताना अक्षरं सांगू नका, 'हलका', 'जड', 'उडी', 'शक्ती', 'बचाव' असंच बोला. 'ताई, जड मार' म्हटलं की ताईला कळतं. 'ताई, एक्स' म्हटलं की ती हाताकडे बघते आणि तेवढ्यात मार खाते.

प्रत्येक नायकाच्या चार शक्ती असतात, पण सगळ्या एकदम मिळत नाहीत. लेव्हल वाढेल तशा उघडतात. शक्ती वापरली की एनर्जी खर्च होते आणि मारामारी करत राहिलं की ती परत मिळते. नवा खेळाडू इथे दोन टोकांना जातो. एक तर शक्ती जपून ठेवतो आणि शेवटपर्यंत वापरतच नाही, नाही तर पहिल्याच साध्या शिपायावर सगळी एनर्जी उडवतो. साध्या शत्रूंसाठी हलका आणि जड मार पुरतो. घोळका जमला की किंवा मोठा शत्रू आला की शक्ती काढा.

बचाव शिकायचा सगळ्यांना कंटाळा येतो, मीही समजू शकतो, मारण्यात जास्त मजा आहे. पण यानातच पाच मिनिटं फक्त चुकवण्याचा सराव करा. बचावाचं बटण आणि दिशा एकत्र दाबली की नायक झटकन बाजूला होतो. मोठा शत्रू हात वर उचलतो, मागे सरतो, क्षणभर थांबतो; तो थांबला की मार येणार. बटणं बडवणं सोडून शत्रूचं अंग वाचायला लागलात की अर्धा गेम जमला.

चौथी पायरी: जांभळी पट्टी

या गेमचं मर्म इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

मोठ्या शत्रूच्या जिवाच्या पट्टीबरोबर एक जांभळी पट्टी दिसते. तिला स्टॅगर म्हणतात. ती भरलेली असेपर्यंत तुमचा मार त्याला फारसा लागत नाही. चौघं मिळून बडवत असता आणि त्याचा जीव जेमतेम हलतो. नवे खेळाडू इथे निराश होतात, 'हा मरतच नाही' म्हणतात. तो तसा मरायचा नाहीच. आधी जांभळी पट्टी संपवायची. ती संपली की शत्रू गुडघ्यावर येतो, काही सेकंद हतबल असतो, आणि त्या सेकंदांत तुमचा प्रत्येक वार पूर्ण ताकदीने लागतो. मग तो सावरतो, पट्टी पुन्हा भरते, आणि तेच सगळं पुन्हा करायचं.

कबड्डीत दांडगा चढाईवाला एकट्याने पकडला जात नाही. साखळी धरून आधी त्याचे पाय थांबवतात आणि मग सगळे तुटून पडतात. इथेही तसंच आहे.

जांभळी पट्टी कशाने लवकर उतरते? जड माराने, आणि दोन नायकांच्या शक्ती एकत्र येऊन झालेल्या हल्ल्याने. हलका मार इथे फार उपयोगाचा नाही. म्हणून मोठा शत्रू आला की घरात एक आवाज ठरवून घ्या. 'जांभळी!' म्हटलं की सगळ्यांनी जड मार आणि शक्ती सुरू करायच्या. पट्टी संपायला आली की एकाने 'थांबा, साठवा' म्हणावं, म्हणजे उरलेली एनर्जी वाया जात नाही. तो खाली पडला की चौघांनी आपलं सगळ्यात चांगलं जे आहे ते त्याच्यावर काढायचं. हे बोलणं पहिल्या दिवशी कृत्रिम वाटेल, पण असे दोन बॉस (मोठे मुख्य शत्रू) झाले की तोंडात आपोआप येतं.

लहान शत्रूंकडेही एका डोळ्याने बघा. बॉसवर सगळे तुटून पडले की मागून शिपाई येऊन टोचत राहतात. चौघांतल्या एकाने, शक्यतो लांबून मारणाऱ्याने, त्यांना आवरायचं. हे काम दिसत नाही, त्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, पण त्यावाचून बॉस पडत नाही. ज्याने ते केलं त्याचं नाव घ्या.

पाचवी पायरी: सिनर्जी आणि एक्स्ट्रीम

प्रत्येक शक्तीला तिच्या प्रकाराचं चिन्ह असतं. दोन नायकांच्या जुळणाऱ्या शक्ती एकाच वेळी, एकाच ठिकाणी निघाल्या की सिनर्जी होते. म्हणजे दोघांचा मिळून एक मोठा हल्ला, जो मारतो जास्त आणि जांभळी पट्टीही पटकन खाली आणतो. साथीदाराने शक्ती काढली आणि तुमची जुळत असली की स्क्रीनवर सूचना झळकते. त्या वेळी तुम्ही जवळ असायला हवं आणि एनर्जी शिल्लक असायला हवी. या दोनच अटी आहेत, पण त्या पाळायच्या म्हणजे सतत एकमेकांच्या आसपास राहावं लागतं. स्क्रीनच्या एका टोकाला एकटा जाऊन लढणारा खेळाडू कितीही तरबेज असला तरी टीमची निम्मी ताकद वाया घालवतो.

सुरुवातीला चौघांनी एकदम जुळवायचा प्रयत्न करू नका. दोन-दोनच्या जोड्या पाडा. मामा आणि भाची एक जोडी, दोघे भाऊ दुसरी. जोडीने एकमेकांच्या पहिल्या दोन शक्तींची चिन्हं बघून ठेवायची, आणि 'एक, दोन, सोड' असं म्हणून एकत्र काढायच्या. एवढं जमलं की जोड्या बदला.

मारामारी करता करता प्रत्येक नायकाची पिवळी पट्टीही भरत जाते. ती पूर्ण भरली की एक्स्ट्रीम हल्ला मिळतो. एकाने एक्स्ट्रीम सुरू केला की ज्यांची पट्टी भरलेली आहे ते त्यात सामील होऊ शकतात. चौघांचा एकत्र एक्स्ट्रीम झाला की स्क्रीन नुसती उजळून निघते, आणि घरातली सगळी मंडळी ओरडतात. पण तो केव्हा काढायचा याला महत्त्व आहे. जांभळी पट्टी भरलेली असताना काढलात तर निम्मा फुकट गेला. आधी शत्रू गुडघ्यावर आणा, मग काढा. आणि ज्याची पट्टी आधी भरेल त्याने थांबायचं, दुसऱ्यांची भरेपर्यंत. लहान मुलांना हे थांबणं जड जातं. त्यांना 'तू सांगशील तेव्हा आपण सगळे सोडू' असं म्हणून शेवटचा इशारा द्यायचं काम द्या. मग तीच सगळ्यांच्या पट्ट्यांवर लक्ष ठेवतात.

एखादा नायक पडला तर जवळ जाऊन त्याला उठवता येतं, पण कितीही वेळा नाही. उठवणारा त्या वेळी असुरक्षित असतो. म्हणून एकाने उठवायचं आणि दुसऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून शत्रूला अडवायचं.

सहावी पायरी: चार जण निवडा आणि त्यांना धरून राहा

यानातून निसटल्यावर गोष्ट पृथ्वीवर येते, खलनायकांना कोंडून ठेवणाऱ्या 'द राफ्ट' या तुरुंगात. स्पायडर-मॅन इथेच भेटतो. मग नायकांची रांगच लागते. गेम आला तेव्हा त्यात ३६ नायक होते. कॅप्टन अमेरिका, वूल्व्हरिन, थॉर, स्टॉर्म, ब्लॅक पँथर, कॅप्टन मार्व्हल, मिस मार्व्हल, डॉक्टर स्ट्रेंज, अशी नावं एकामागून एक उघडत जातात, आणि प्रत्येक वेळी नव्याला घ्यायचा मोह होतो.

इथे जपून. अनुभव, म्हणजे एक्सपी, मैदानात असलेल्या चौघांनाच मिळतो. बाकावर बसलेल्यांची लेव्हल वाढत नाही. नवा नायक साधारण त्या टप्प्याला साजेशा लेव्हलचा येतो, पण त्याला बाजूला ठेवलंत की पुढच्या दोन प्रकरणांत तो मागे पडतो. रोज टीम बदलणाऱ्या घरात शेवटी कुणीच पुरेसा तयार नसतो. माझा सल्ला: चौघांनी आपापला एक नायक ठरवा, आणि सगळ्यांनी मिळून एक-दोन राखीव. बस. मध्यापर्यंत त्यांनाच वाढवा. वाटेत एक्सपी क्यूब मिळतात, ते दिले की न खेळवताही एखाद्याची लेव्हल वर येते. ते लगेच उडवू नका. पुढे भाचीला आवडणारी स्पायडर-ग्वेन किंवा दादाला हवा असलेला घोस्ट रायडर टीममध्ये घ्यायचा झाला की ते उपयोगी पडतात.

निवडताना तीन गोष्टी बघा. एक, चौघंही अंगावर जाणारे नकोत. किमान एक लांबून मारणारा हवा. दोन, उडणारा एखादा असला तर बरं. आयर्न मॅन, थॉर, कॅप्टन मार्व्हल ही मंडळी नवख्यांना आवडतात, कारण अडचणीत सापडलं की वर जाता येतं. तीन, टीम बोनस. नायकांचे गट केलेले आहेत, अ‍ॅव्हेंजर्स, एक्स-मेन, गार्डियन्स, डिफेंडर्स वगैरे. एकाच गटातले जितके जास्त घ्याल तितकी सगळ्या टीमची ताकद किंवा टिकाव वाढतो. निवडीच्या स्क्रीनवरच तो बोनस दिसतो. पण बोनससाठी कुणाचा लाडका नायक काढून घेऊ नका. आपल्या आवडीचा नायक हातात असलेला माणूस जास्त मन लावून खेळतो, आणि ते त्या बोनसपेक्षा मोलाचं आहे.

टीम बदलायची जागा म्हणजे शील्डचे, म्हणजे नायकांना मदत करणाऱ्या गुप्तहेर संघटनेचे, थांबे. वाटेत ठराविक अंतराने ते लागतात, आणि नायकांची ताकद वाढवायची लॅबही तिथून उघडते. प्रत्येक थांब्यावर थांबायची सवय ठेवा. सराफ्यात खायला जायचं ठरलं असेल तर खेळही थांब्यापाशीच आटपा.

सातवी पायरी: लॅब

लॅबमध्ये षटकोनी घरांचं जाळं आहे. जमवलेले पैसे आणि गुण टाकून एकेक घर उघडलं की त्याचा फायदा सगळ्या नायकांना मिळतो, बाकावरच्यांनासुद्धा. म्हणून पैसे आधी इथे टाका, एकट्यादुकट्याच्या शक्ती वाढवण्यावर नंतर. घरांमध्ये सहा गुणांची नावं दिसतील. स्ट्रेंग्थने साधा मार वाढतो, ड्युरेबिलिटीने साध्या मारापासून संरक्षण, मास्टरीने शक्तींचा मार, रेझिलियन्सने शत्रूच्या शक्तींपासून संरक्षण, व्हायटॅलिटीने जीव, एनर्जीने शक्ती वापरायची ऐपत. नवख्या टीमने व्हायटॅलिटी आणि ड्युरेबिलिटीच्या दिशेने आधी जावं. जिवंत राहिलात तर शिकाल.

थोडं पुढे गेल्यावर आयसो-८ नावाचे स्फटिक मिळायला लागतात. ते नायकांना चढवायचे असतात. यादी लांब होत जाते आणि प्रत्येक स्फटिक वाचत बसलं तर बाकीचे तिघे कंटाळतात. हे काम एकाने, बाकीचे पोहे खात असताना करावं. नको असलेले स्फटिक मोडून सामान मिळतं, त्यातून कामाचे वाढवता येतात.

आठवी पायरी: कॅमेरा आणि गादीवरचे नियम

या गेमचा एक कच्चा दुवा आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. चौघं एका स्क्रीनवर असले की कॅमेरा सगळ्यांना एका चौकटीत बसवायची धडपड करतो. अरुंद जागेत तो भिंतीआड जातो, कोण कुठे आहे तेच कळत नाही. आडव्या जॉय-कॉनला एकच स्टिक असते, त्यामुळे तो हाताने सावरायची सोयही नाही. उपाय एकच: एकमेकांपासून लांब जाऊ नका. एकाने पुढारी व्हायचं, तो ज्या दिशेने जाईल तिकडे बाकीच्यांनी. खजिना शोधायला कोपऱ्यात घुसायचं असेल तर आधी सांगायचं. टीव्ही लहान असेल तर पुढे सरकून बसा. गर्दीत आपला नायक ओळखणं हीच नव्या माणसाची मोठी अडचण असते. शक्यतो चौघांचे रंग वेगळे दिसतील असे नायक घ्या. स्पायडर-मॅन आणि माइल्स मोरालेस एकाच टीममध्ये घेतले की दोघांचाही गोंधळ उडतो.

राजेंद्रनगरच्या किंवा रामबागेच्या घरात संध्याकाळी जिलेबी आणि शेव समोर येणारच. खाताना जॉय-कॉन खाली ठेवा. पाक स्टिकच्या खाचेत गेला की ती चिकटते. पावसाळ्यात वीज गेली तर स्विच डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खाचेतून, काढा, मागचा स्टँड उघडून टेबलावर उभा करा आणि खेळ तिथूनच पुढे चालवा. छोट्या स्क्रीनवर चौघांना दिसत नाही, दोघांना मात्र छान जमतं.

नववी पायरी: इन्फिनिटी ट्रायल्स

वाटेत जांभळ्या फटी दिसतील, इन्फिनिटी रिफ्ट. त्यांतून छोट्या छोट्या कसोट्या उघडतात: ठराविक वेळात शत्रू संपवा, अमुक अटींवर जुना बॉस पुन्हा हरवा. प्रत्येकीला तीन तारे मिळवता येतात आणि बक्षिसं चांगली असतात, लॅबला लागणारं सामान आणि एक्सपी क्यूबसुद्धा. एलेक्ट्रा, लोकी, मॅग्नेटो आणि खुद्द थॅनॉस हे नायक इथूनच मिळतात, मुख्य गोष्टीतून नाही. अर्धा तासच मोकळा असेल, चौथा माणूस अजून ऑफिसातून आला नसेल, तर एक कसोटी खेळावी. मुख्य गोष्टीचं प्रकरण मात्र सगळे जमल्यावरच पुढे न्या. ज्याने बॉस बघितलाच नाही त्याला नंतर सांगून ती मजा येत नाही.

सुट्टी संपून भावंडं पुण्याला, बंगळूरला परतली तर इंटरनेटवरूनही चौघांना एकत्र खेळता येतं. त्यासाठी प्रत्येकाकडे स्वतःचा स्विच, गेमची स्वतःची प्रत आणि निन्टेन्डोची पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सेवा लागते. एक नायक दोघांना घेता येत नाही, म्हणून फोनवर आधी ठरवून घ्या. आणि ऑनलाइन खेळताना गेममध्ये बोलायची सोय नाही असं धरून फोनवर ग्रुप कॉल लावून ठेवा. 'जांभळी' ओरडल्याशिवाय हा खेळ खेळताच येत नाही.

गोष्ट संपली की 'सुपिरियर' नावाचा आणखी कठीण अवघडपणा उघडतो. तिथे लेव्हल वाढवणं, आयसो-८ नेमके निवडणं, सिनर्जी मोजून काढणं, सगळंच लागतं. गेम आल्यानंतर सायक्लॉप्स आणि कोलॉसस फुकट दिले गेले. त्याशिवाय पैसे भरून घ्यायचे तीन भाग आले. पहिल्यात ब्लेड, मून नाइट, मॉर्बियस आणि पनिशर. दुसऱ्यात फिनिक्स, केबल, गॅम्बिट आणि आइसमॅन. तिसऱ्यात फँटॅस्टिक फोरचे चौघं. पहिल्या दोन भागांत मुख्यतः नायक आणि कसोट्या आहेत. तिसऱ्यात डॉक्टर डूम या खलनायकाशी लढायची नवी गोष्ट आहे. घरच्यांनी मुख्य गोष्ट पूर्ण केली, आणि पुढच्या सुट्टीतही हाच गेम लावायचं ठरलं, तरच तो विचार करा. त्याआधी ३६ जणांमध्येच पुरेसं काम आहे.